डेक्कन कॉलेजच्या जुन्या विद्यार्थी-निवासाचा इतिहास मुलांना कसा सांगावा?

प्रश्न : वारसाफेरी

नमस्कार. पुण्यातील ऐतिहासिक वास्तू शाळकरी मुलांना दाखवणाऱ्या एका लहान गटात मी काम करतो. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजवर आम्ही एक छोटी पुस्तिका तयार करत आहोत आणि तिचे एक संपूर्ण प्रकरण तेथील विद्यार्थी-निवासाला द्यावे, असे आमचे ठरले आहे. इमारतीविषयी लिहिणे तुलनेने सोपे आहे, कारण दगड, कमानी आणि मनोरा समोर दिसतात. वसतिगृहात काय घडले, हे मात्र दाखवता येत नाही, ते सांगावेच लागते, आणि माझी अडचण तिथेच आहे.

मुले आणि त्यांचे पालक तिथे पोहोचताच पहिला प्रश्न विचारतात तो टिळकांच्या खोलीचा. खोली दाखवली की त्यांचे कुतूहल शमते आणि सगळे पुढे चालू लागतात. माझ्या मते या निवासाचे महत्त्व एका खोलीत मावणारे नाही. चिपळूणकर, टिळक, आगरकर, राजवाडे ही माणसे थोड्याफार वर्षांच्या अंतराने एकाच कॉलेजातून बाहेर पडली आणि त्यानंतरच्या अर्धशतकातील मराठी शिक्षण, वृत्तपत्रे, इतिहाससंशोधन आणि राजकारण या सर्वांवर त्यांची मुद्रा उमटली. याचे श्रेय प्राध्यापकांना किती, अभ्यासक्रमाला किती आणि एकाच आवारात अहोरात्र राहण्याला किती, हे मला समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. मुलांसाठी लिहायचे आहे म्हणून उत्तर सोपे करण्याची गरज नाही. ते काम आम्ही करू.

उत्तर : दप्तरदार

आपण प्रश्न योग्य ठिकाणी आणून ठेवला आहे. सुरुवात जागेपासून करावी, असे मी सुचवेन, कारण या कॉलेजच्या बाबतीत जागा बदलली आणि तिच्याबरोबर विद्यार्थी-जीवनाची सगळी घडीच बदलली.

संस्थेचा आरंभ ६ ऑक्टोबर १८२१ रोजी शहराच्या मध्यभागी, विश्रामबाग वाड्यात झाला. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेचा काही भाग वळवून तेथे संस्कृत पाठशाळा सुरू करण्यात आली. १८५१ मध्ये ही पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झाले. या सर्व काळात विद्यार्थी पेठांतच राहत. कोणी नातेवाइकांकडे, कोणी वार लावून, म्हणजे आठवड्याच्या एकेका दिवशी एकेका घरी जेवून, कोणी वाड्यातील एखादी अंधारी खोली भाड्याने घेऊन दिवस काढी. वर्ग सुटला की प्रत्येक जण आपापल्या आळीत, आपापल्या जातीच्या आणि नात्याच्या माणसांत परतत असे.

१८६४ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते येरवड्याच्या बाजूला नव्या इमारतीची पायाभरणी झाली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या घराण्याकडून तिला एक लाख रुपयांची देणगी मिळाली. आराखडा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा होता. १८६८ मध्ये कॉलेज तेथे गेले आणि डेक्कन कॉलेज हे नाव रूढ झाले. ही जागा पेठांपासून सुमारे दोन कोस दूर आणि नदीच्या पलीकडे होती. बंडगार्डनजवळचा जुना फिट्झजेराल्ड पूल त्याच दशकातला. त्या काळी रोज पायी जाऊन-येऊन शिकणे फार थोड्यांना शक्य होते, म्हणून आवारातच राहणे हा या शिक्षणाचा भाग बनला.

सरकारने शहराबाहेरची मोकळी, हवेशीर जागा निवडली, त्यामागे आरोग्याचा विचार होता आणि इंग्लंडमधील निवासी विद्यापीठांचे चित्रही डोळ्यांपुढे होते. पण कोकणातून, देशावरून, वऱ्हाडातून आलेली वीस-बावीस वर्षांची हुशार मुले घरच्यांच्या नजरेपासून दूर, एकमेकांच्या सहवासात वर्षानुवर्षे ठेवल्यावर तिथे काय शिजेल, याची कल्पना आराखडा करणाऱ्यांना नसावी. विश्रामबाग वाड्यातल्या विद्यार्थ्याचा दिवस वर्गाबरोबर संपत होता, तर येरवड्याच्या विद्यार्थ्याचा खरा दिवस वर्ग संपल्यावर सुरू होत असे. आपल्या पुस्तिकेत हा फरक अवश्य यावा.

विष्णुशास्त्री चिपळूणकर या दोन्ही काळांच्या सांध्यावरचे विद्यार्थी होत. १८७२ मध्ये ते बी.ए. झाले आणि १८७४ पासून त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. प्राध्यापकांचा वाटाही कमी लेखू नये. गणित आणि ज्योतिषाचे अध्यापन करणाऱ्या केरूनाना छत्र्यांविषयी टिळकांना आयुष्यभर आदर होता, आणि पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी येथे संस्कृत शिकवले.

उत्तर : वऱ्हाडी वाचक

दप्तरदारांनी जागेचे महत्त्व सांगितले, मी माणसांविषयी लिहितो.

टिळक १८७३ मध्ये कॉलेजात आले. त्यांची प्रकृती तेव्हा अगदी किरकोळ होती. चरित्रकारांनी आवर्जून नोंदवले आहे की पहिले वर्ष त्यांनी अभ्यास जवळजवळ बाजूला ठेवून व्यायाम, पोहणे आणि भरपूर खाणे यांतच घालवले आणि शरीर कमावले. खोल्यांमध्ये त्यांचा दराराही होता. तोंडावर स्पष्ट बोलण्यामुळे मित्रांनी त्यांना ‘मिस्टर ब्लंट’ हे नाव दिले आणि औषधांच्या बाटल्या उशाशी ठेवणाऱ्या नाजूक सोबत्यांच्या बाटल्या ते फोडून टाकीत, अशा आठवणी सांगितल्या जातात. मुलांना या गोष्टी आवडतील आणि त्या अवश्य सांगाव्यात. पण तेथेच थांबू नये, कारण या निवासातली सर्वांत मोठी घटना व्यायामशाळेत घडली नाही, ती बोलण्यात घडली.

गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे. घरची स्थिती इतकी हलाखीची की शिक्षणासाठी त्यांना कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करावी लागली. मॅट्रिक ते अकोल्याहून झाले आणि तेथील शिक्षकांच्या मदतीमुळे पुण्याला येऊ शकले. डेक्कन कॉलेजात त्यांच्यापाशी एकच सदरा होता. तो रात्री धुवून वाळत घालायचा आणि सकाळी पुन्हा अंगात चढवायचा, ही हकीकत मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना तिचा विशेष अभिमान वाटतो. वृत्तपत्रांत लेख लिहून, निबंधांची बक्षिसे मिळवून आणि शिष्यवृत्तीवर त्यांनी शिक्षण रेटले आणि १८७८ मध्ये ते बी.ए. झाले.

१८७९ मध्ये टिळक कायद्याचा आणि आगरकर एम.ए.चा अभ्यास करत होते, आणि त्या वर्षी त्यांचा स्नेह जुळला. दोघेही १८५६ च्या जुलै महिन्यात जन्मलेले, म्हणजे अगदी समवयस्क. देशाची स्थिती, सरकारी नोकरी पत्करावी की नाही, लोकांना शहाणे करून सोडण्याचा मार्ग कोणता, यांवर त्यांच्या दीर्घ चर्चा झाल्या आणि सरकारी चाकरी न करता स्वतंत्र शाळा काढून अल्प वेतनावर शिकवायचे, असा निश्चय झाला. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवले की मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल ही आशा तिने धरू नये, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ ते लोकहितासाठी वेचणार आहेत. ज्या मुलाचे शिक्षण व्हावे म्हणून त्या माउलीने काय काय सोसले असेल, ते मनात आणून हे पत्र वाचले की आजही गलबलून येते.

त्याच सुमारास चिपळूणकरांनी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली होती. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उघडले, आणि पुढच्या वर्षीच्या जानेवारीत ‘मराठा’ आणि ‘केसरी’ निघू लागले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तर २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज. एका निवासातल्या बोलण्यापासून सुरू झालेली ही साखळी पाच-सहा वर्षांत कुठवर गेली, ते पाहावे.

आपण विचारता, एकत्र राहण्याचा वाटा किती? माझे उत्तर असे की विचार त्यांना पुस्तकांतून मिळाले, पण त्या विचारांवर आयुष्य लावण्याचे धैर्य त्यांना एकमेकांकडून मिळाले. एकट्याने सरकारी नोकरी नाकारणारा तरुण घरच्यांच्या आग्रहापुढे चार महिन्यांत नमला असता. शेजारच्या खोलीत तेच ठरवणारा दुसरा कोणी आहे, ही जाणीव माणसाला उभे करते. सोसायटीच्या आजीव सदस्यांनी ठरावीक अल्प वेतनावर एकत्र काम करावे, बाहेरची वेगळी कमाई करू नये, हा दंडक याच सहजीवनाच्या कल्पनेतून आलेला दिसतो. १८९० मध्ये राजीनामा देताना टिळकांनी जे प्रदीर्घ पत्र लिहिले, त्यात जेझुइट पाद्र्यांच्या स्वार्थत्यागाचे तत्त्व आपण आरंभी स्वीकारले होते आणि ते ढळले, हाच त्यांचा मुख्य आक्षेप होता.

मुलांना या मैत्रीचा शेवटही सांगावा. १८८२ मध्ये कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले. पुढे सामाजिक सुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य, या वादात दोघे दुरावले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि १८९५ मध्ये अवघ्या ३९ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर ते गेले. एकाच छपराखाली शिकलेली दोन माणसे अखेरपर्यंत प्रामाणिक राहूनही परस्परविरुद्ध निष्कर्षांना पोहोचू शकतात, हे आठवी-नववीच्या मुलांना नक्की समजते. ते त्यांच्यापासून दडवू नये.

उत्तर : वाचनालय कट्टा

खोलीच्या प्रश्नावर थोडे लिहावेसे वाटते, कारण पुण्यातच एक जुळते उदाहरण आहे.

फर्ग्युसन कॉलेज १८९५ मध्ये आजच्या जागेत आले. तेथील वसतिगृहातील १७ क्रमांकाची खोली विनायक दामोदर सावरकरांची म्हणून जतन केलेली आहे आणि त्यांच्या जयंतीच्या दिवशी लोक ती पाहण्यासाठी येतात. सावरकर १९०२ मध्ये फर्ग्युसनमध्ये आले. वडील आधीच वारले होते आणि शिक्षणाचा भार जव्हार संस्थानातील त्यांचे सासरे चिपळूणकर यांनी उचलला होता. वसतिगृहात त्यांच्याभोवती तरुणांचा गट जमला, हस्तलिखित साप्ताहिक निघू लागले, इटलीच्या आणि इतर देशांच्या क्रांतीचा इतिहास वाचला जाऊ लागला. वंगभंगाच्या चळवळीत, ऑक्टोबर १९०५ मध्ये, पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्याबद्दल कॉलेजने त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. तेव्हा प्राचार्य होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, जे स्वतः अत्यंत उदारमतवादी आणि शिक्षणासाठी आयुष्य वाहिलेले गृहस्थ होते. टिळकांनी ‘केसरी’तून या शिक्षेवर कठोर टीका केली.

हा प्रसंग डेक्कन कॉलेजच्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचावा, अशी माझी सूचना आहे. सरकारच्या दडपणापासून मुक्त शिक्षण देण्यासाठी ज्यांनी सोसायटी काढली, त्यांच्याच कॉलेजात पंचवीस वर्षांच्या आत एका विद्यार्थ्याला राजकीय कृतीसाठी वसतिगृह सोडावे लागले, आणि त्या शिक्षेविरुद्ध लेखणी उचलली ती संस्थापकांपैकी एकाने. परांजप्यांची बाजूही मांडावी. संस्था अनुदानावर चालत होती आणि शेकडो मुलांचे शिक्षण तिच्यावर अवलंबून होते. मला स्वतःला ही शिक्षा अन्यायाची वाटते, तरीही प्राचार्यांपुढचा पेच खोटा नव्हता.

दुसरा धागा असा. १९०६ मध्ये सावरकर लंडनला गेले, तेव्हा हायगेट भागातील ‘इंडिया हाउस’मध्ये राहिले. श्यामजी कृष्णवर्मा यांनी हिंदी विद्यार्थ्यांसाठी काढलेले हे निवासगृह १ जुलै १९०५ रोजी उघडले होते. डेक्कन कॉलेजमध्ये शिकताना ज्यांनी तलवारीवर हात ठेवून देशसेवेची शपथ घेतली, ते पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट, शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले आणि त्यांचाही संबंध याच इंडिया हाउसशी आला. पुण्याची दोन वसतिगृहे आणि लंडनचे एक, अशी ही वाट एका पानावर नकाशाच्या रूपाने दाखवता येईल.

खोलीविषयी माझे मत असे आहे की एक खोली जतन केल्याने त्या व्यक्तीचे स्मरण होते, पण वसतिगृहाचा इतिहास राहून जातो. सावरकरांच्या आसपासच्या खोल्यांत राहून ज्यांनी ते साप्ताहिक वाचले, होळीसाठी कपडे गोळा केले आणि नंतर साधी नोकरी करत आयुष्य काढले, त्यांच्यावाचून १७ क्रमांकाच्या खोलीत काहीच घडले नसते.

प्रश्नकर्ता : वारसाफेरी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. एक गोष्ट अधिक विचारतो. त्या काळच्या निवासातील रोजच्या व्यवहाराविषयी, विशेषतः जेवणखाणाविषयी, काही सांगता येईल का? मुले सर्वांत जास्त प्रश्न जेवणावर विचारतात, आणि मला वाटते त्यांचे ते कुतूहल अगदी योग्य आहे.

उत्तर : रयतेची लेक

जेवणाचा प्रश्न निघाला म्हणून लिहिते, कारण या विषयाचे दार मला तिथूनच उघडताना दिसते.

त्या काळी विद्यार्थी गट करून आचारी ठेवत आणि अशा गटाला क्लब म्हणत. टिळक कॉलेजातही सोवळ्याचा मुकटा, म्हणजे रेशमी वस्त्र, नेसूनच जेवायला बसत आणि त्यासाठी आग्रही असत, असे त्यांच्या चरित्रांत आले आहे. याचा सरळ अर्थ असा की पंक्तीला कोणी बसायचे, हे जातीने ठरलेले होते. जे निवास आपल्याला एकत्र राहण्याची शाळा वाटते, ते त्या काळी मुख्यतः ब्राह्मण मुलांचे एकत्र राहणे होते. वरच्या उत्तरांत जे लिहिले आहे त्यातले काहीही यामुळे खोटे ठरत नाही, पण हे वाक्य आपल्या पुस्तिकेत नसेल तर प्रकरण अपुरे राहील. ज्या मुलांना आपण ते दाखवणार आहात, त्यांतल्या अनेकांच्या पणजोबांना त्या पंक्तीत पान मिळाले नसते.

कॉलेजचे दार उघडे असूनही राहण्या-जेवण्याची सोय नाही, हाच बहुजन मुलांपुढचा सर्वांत मोठा अडथळा होता. ही गोष्ट ओळखणारी माणसे त्याच पुण्यात होती. गंगारामभाऊ म्हस्के यांनी डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनच्या मार्फत शिष्यवृत्त्या उभ्या केल्या. जमखंडीहून आलेले विठ्ठल रामजी शिंदे या मदतीवर फर्ग्युसन कॉलेजात शिकून १८९८ मध्ये बी.ए. झाले आणि नंतर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजपर्यंत पोहोचले.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी तर हा प्रश्न मुळापासून हाती घेतला. सर्वांसाठी म्हणून काढलेल्या वसतिगृहाचा लाभ प्रत्यक्षात एकाच वर्गाला मिळतो, हा अनुभव आल्यावर त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या पुढाकाराने बोर्डिंगे उभी केली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत आणि इतर समाजांची बोर्डिंगे झाली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. या बोर्डिंगच्या उद्घाटनाच्या समारंभाला गेल्यानंतर स्नान करूनच जेवणघरात येण्याची अट एका विद्यार्थ्याने झुगारली आणि त्यापायी त्याला आपले बोर्डिंग सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील.

याच भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशा सर्व घरांतली मुले तेथे एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंक्तीला जेवत. गांधीजींनी १९२७ मध्ये भेट देऊन त्याला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव दिले. माझे वडील या बोर्डिंगमध्ये वाढले. पीठ मळणे, भांडी घासणे, बागेला पाणी देणे ही कामे वाटून दिलेली असत आणि आज कोणाच्या हातची भाकरी आहे हे विचारण्याची पद्धतच नव्हती, असे ते सांगत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने एकेक करून दिले आणि शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या. फलकांवर त्यांचे नाव नेहमी उशिरा आणि लहान अक्षरांत येते, याचे मला दुःख आहे. १९३२ मध्ये, पुणे करारानंतर, भाऊरावांनी पुण्यातही युनियन बोर्डिंग काढले, तेव्हा आपल्या वारसाफेरीत त्याचा उल्लेख अगदी न्याय्य ठरेल.

मुलींविषयी एवढेच सांगते की पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढच्या वर्षी पुण्यात आले. विधवा मुलींनी घराबाहेर राहून शिकावे, ही कल्पना तेव्हा किती प्रक्षोभक होती, हे ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्या त्या वर्षांतल्या अंकांतून कळते. डेक्कन कॉलेजात एकत्र बसून स्वप्ने पाहिलेल्या दोघा मित्रांची पत्रे या प्रश्नावर समोरासमोर उभी होती.

उत्तर : चुनाभट्टी

मी जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून माझे उत्तर थोडे वेगळ्या अंगाने येईल, पण ते याच विषयाचे आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या अशा वास्तू काळ्या दगडाच्या आणि चुन्याच्या असतात, त्यांना सागवानी तुळया आणि लाकडी जिने असतात. त्यातही राहण्याच्या खोल्यांची झीज वर्गांपेक्षा वेगळी होते. वर्ग संध्याकाळी बंद होतो, खोलीत मात्र रात्रंदिवस वावर असतो, पाणी सांडते, कपडे वाळतात, दिव्यांची आणि आता पंख्यांची, चार्जरची वायरिंग भिंतीत घुसते. दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरणे हे सर्वांत मोठे नुकसान. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती अडवते. अडलेली ओल भिंतीत वर चढते आणि तुळईचे जे टोक भिंतीत गाडलेले असते ते आतल्या आत कुजते. वरून रंग चकचकीत दिसतो आणि एका पावसाळ्यात छत खाली येते. दरजा पुन्हा चुन्यानेच भराव्यात, कौले पावसाळ्यापूर्वी चाळावीत, पन्हळी साफ ठेवाव्यात. ही कामे दर वर्षी झाली तर मोठ्या खर्चाची वेळ येत नाही.

मुलांना हे सांगण्याचे कारण असे की जुनी इमारत जपणे म्हणजे तिला कुलूप लावणे, असा समज सर्वत्र पसरलेला आहे. विद्यार्थ्यांच्या निवासासाठी बांधलेल्या खोलीत विद्यार्थी राहिले, तर गळती पहिल्या दिवशी लक्षात येते. रिकाम्या खोलीतली गळती तुळई कुजल्यावरच दिसते. म्हणून शक्य असेल तिथे एखादी खोली स्मरणासाठी ठेवून बाकीच्या खोल्या विद्यार्थ्यांकडेच असाव्यात, असे मी ज्यांच्या ज्यांच्याकडे काम केले त्या सर्वांना सांगत आलो आहे. मुलांच्या फेरीत त्यांना एखादी दरज बोटाने चाचपून पाहू द्यावी. चुना आणि सिमेंट यांतला फरक हाताला लगेच कळतो.

प्रश्नकर्ता : वारसाफेरी

आपल्या उत्तरांवरून प्रकरणाचा आराखडा आता असा ठरवला आहे. सुरुवात विश्रामबाग वाडा ते येरवडा या स्थलांतराने होईल. मधला मोठा भाग टिळक आणि आगरकर यांच्या १८७९ मधील चर्चांना आणि त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थांना असेल, आणि दोघांच्या दुराव्यापाशीच तो थांबेल. त्यानंतर पंक्तीचा प्रश्न, म्हस्के, शिंदे, शाहू महाराज, लक्ष्मीबाई आणि भाऊराव. लक्ष्मीबाईंचे नाव मी मुद्दाम आधी लिहिले आहे आणि पुस्तिकेतही ते तसेच राहील. फर्ग्युसनची खोली आणि इंडिया हाउस नकाशाच्या पानावर येतील. दरज चाचपण्याची सूचना तर संबंधितांची परवानगी घेऊन पुढच्याच फेरीत अमलात आणू. काही राहिले असल्यास कृपया सांगावे.

उत्तर : दप्तरदार

आराखडा उत्तम आहे. त्यात १९३४ ते १९३९ ही पाच वर्षे घालावीत. सरकारने १९३४ मध्ये डेक्कन कॉलेज बंद केले. हे कॉलेज देणगीतून उभे राहिले आहे आणि ते असे बंद करता येणार नाही, अशी भूमिका घेऊन माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली. ज्यांच्या उमेदीची वर्षे त्या आवारात गेली होती, ती वकील, शिक्षक, संपादक झालेली माणसे यासाठी पुन्हा एकत्र आली. एकत्र राहण्याचा परिणाम किती टिकतो, हा आपला मूळ प्रश्न होता, आणि त्याचे एक ठोस उत्तर या लढ्यात सापडते. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडली. हसमुख सांकलिया आणि इरावती कर्वे त्याच वर्षी तेथे रुजू झाले. सांकलियांनी महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाचा पाया घातला, इरावतीबाईंनी समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकवले, आणि १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या ऐतिहासिक शब्दकोशाचे काम हाती घेण्यात आले, जे आजही त्याच आवारात चालू आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा कोशविभागाला आधी पत्र लिहून भेटीची वेळ मागावी.